पिल्लामागे दोन वॅट

बौद्धवाडी, ता. मंडणगड
८ जानेवारी २०२५

ती. दादास,
प्रभाचा सविनय जय भीम. वि. वि.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू पत्र फोडशील की तसंच फळीवर टाकशील, मला ठाऊक नाही. अकरा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि तूही लिहिली नाहीस. मावशीच्या पुण्यानुमोदनाला गेले होते, तेव्हा कळलं की पॉवरहाऊसच्या आवाजानं तुझे कान पुरते गेले, फोनवर तुला काही समजत नाही. म्हणून कागद घेतला. खरं सांगायचं तर फोनवर मला बोलवलंही नसतं.

इकडची खुशाली अशी, की प्रथमेशचं लग्न गेल्या मे महिन्यात झालं. सून दापोलीकडची, तेजल नाव. बारावी शिकलेली आहे. प्रथमेश मुंबईला असतो, दोन महिन्यांतून एकदा येतो. घरात आम्ही दोघीच. लग्नात मामाच्या जागी शेजारचा लवू उभा राहिला. ते बघताना मी मान खाली घातली होती, एवढंच लिहिते.

आता कामाचं. तेजलच्या बचत गटाला कोंबड्यांची पिल्लं मिळणार आहेत. चिपळूणकडच्या उबवणी केंद्रातून एका दिवसाची पन्नास पिल्लं वीस तारखेला आपल्या घरी येतील. महिनाभर ती ऊब देऊन वाढवायची आणि मग गटातल्या बायकांना वाटायची. पडवीत बल्ब टांगून ठेवायचं तिचं चाललं आहे. मोबाइलवर बघून बघून तिनं सगळं पाठ केलंय.

मी नको म्हणून पाहिलं. कारण विचारलं तर सांगता येत नाही. सासरे गोठ्याच्या आगीत भाजून गेले एवढं तिला माहीत आहे. आग कशानं लागली ते कुणी तिला सांगितलेलं नाही. तिला वाटतं, सासू उगाच मोडता घालते. चार दिवस आमच्यात अबोला होता. शेवटी मी हो म्हटलं, कारण गटात तिनं शब्द दिलाय आणि पोरगी खोटी पडू नये.

पण दादा, पडवीत आत्ताच तिनं एक खिळा ठोकलाय आणि तो दिसू नये म्हणून मी त्यावर सूप टांगून ठेवते. पिल्लं उबेत राहतील आणि घरही राहील, असा बल्ब कसा टांगायचा, हे तुझ्याशिवाय मी कुणाला विचारू? वाडीत वायरिंग करणारे दोघे आहेत. त्यांच्यावर माझा विश्वास बसत नाही. तुझ्यावर आहे.

लोभ ठेव असं लिहायला हात धजत नाही. वीस तारखेच्या आत उत्तर टाक, एवढंच मागते.

तुझी,
प्रभा


पोफळी
१५ जानेवारी २०२५

श्रीमती प्रभावती यांस,
जय भीम. वि. वि.

पत्र शनिवारी पोचलं. उत्तराला चार दिवस लागले, कारण उत्तर द्यावं की नाही हे ठरत नव्हतं.

माझ्यावर विश्वास आहे असं तू लिहितेस. ज्यानं टांगलेला बल्ब तुसात पडला आणि त्यापायी भावोजी गेले, असं तुमच्या वाडीत सर्वांनी धरलेलं आहे, त्यालाच बल्ब कसा टांगायचा ते विचारतेस. शिवरामभाऊंनी मला अंगणातून परत पाठवलं तेव्हा तू दारात उभी होतीस. मी त्यांना दोष देत नाही. त्यांचा धाकटा भाऊ गेला होता.

मी ती साखळी मनात किती वेळा टांगली असेल त्याला हिशेब नाही. वर लोखंडी पाइप, पाइपाला साखळी, साखळीच्या खालच्या टोकाला आकडा, आकड्यात होल्डर. आकड्याचं तोंड पकडीनं दाबून बंद केलं होतं, असं मला आठवतं. पण राखेत साखळी सापडली तेव्हा आकडा उघडा होता. म्हणजे मी दाबला नव्हता. आठवतं ते खरंच असतं असं नाही, हे मी त्यातून शिकलो. त्यानंतर मी वायरला हात लावलेला नाही. नोकरीची राहिलेली तीन वर्षं साहेबांना सांगून स्टोअरमध्ये काढली.

असो. पिल्लं वीस तारखेला येणार आणि ती कुणासाठी थांबत नाहीत, म्हणून लिहितो. सूनबाईला वाचायला दे.

हिशेब पिल्लामागे दोन वॅट. पन्नास पिल्लांना साठचे दोन बल्ब पुरतात. एक मोठा घेऊ नये, कारण तो गेला की सगळी पिल्लं अंधारात गारठतात. एलईडी नको. तो उजेड देतो, ऊब देत नाही. दुकानात जुना, आत तार असलेला पिवळा बल्ब मागावा. होल्डर चिनीमातीचा, प्लास्टिकचा वितळतो. बल्बभोवती लोखंडी जाळी हवीच. बल्बचा भार वायरवर कधीही येऊ द्यायचा नाही. भार साखळीवर, आणि साखळीखेरीज दुसरी एक लोखंडी तार वेगळ्या वाशाला बांधून होल्डरला घ्यायची, म्हणजे एक सुटलं तर दुसरं धरेल. पिल्लांच्या पाठीपासून बल्ब दीड-दोन फूट वर. बोर्ड भिंतीवर असावा, तुसात नाही, आणि त्यावर चांगला ब्रेकर बसवून घ्यावा.

पिल्लांभोवती पत्र्याचा गोल करावा. पुठ्ठा नको. चौकोनही नको, कोपऱ्यात ती एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. तूस दोन बोटं, पहिले तीन दिवस वर कागद. पाण्याचं भांडं उथळ, त्यात खडे टाकावेत आणि ते बल्बखाली ठेवू नये. गरम काचेवर थेंब उडाला तर बल्ब फुटतो. गोलात मोकळी जागा हवी, म्हणजे ज्याला उकडेल ते बाजूला जाईल. पिल्लांच्या उंचीवर थर्मामीटर ठेवून पहिल्या आठवड्यात पस्तीस अंश राखावेत, पुढं दर आठवड्याला तीन-तीन कमी. थर्मामीटर नसला तरी पिल्लं सांगतात. बल्बखाली गर्दी करून ओरडत असली तर थंडी. चोच उघडी टाकून कडेला गेली तर उष्णता. सगळीकडे विखरून झोपली तर ठीक.

वीज गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नये. तिच्या धुरानं माणसंसुद्धा झोपेत जातात.

एवढं केलं तर भीती नाही. प्रथमेशला आशीर्वाद. त्याच्या लग्नाचं इतरांकडून कळलं होतं.

भिकाजी


बौद्धवाडी
२६ जानेवारी २०२५

ती. दादास,
सविनय जय भीम. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा तेजलनं ते माझ्या हातातून घेतलं आणि दोनदा मोठ्यानं वाचलं. मग तिनं त्याला भिंतीवर जागा दिली, बोर्डाच्या शेजारी. मोबाइलपेक्षा मामा बरे सांगतात, असं म्हणाली. पिवळे बल्ब मंडणगडात तीन दुकानं फिरून मिळाले. पत्रा तिनं स्वतः वाकवला. मी जाळीच्या गाठी तपासल्या, दुसरी तार वाशाला बांधली, आणि ब्रेकर बसवणाऱ्या पोराला इतके प्रश्न विचारले की तो चहा न घेता पळाला.

पिल्लं वीस तारखेला दुपारी खोक्यातून आली. प्रवासात दोन गेली, अठ्ठेचाळीस राहिली. मुठीत मावतील एवढी, पण आवाज सगळ्या वाडीला पुरेल इतका. गुळाचं पाणी एकेकाच्या चोचीला लावून तेजलनं त्यांना गोलात सोडलं. दोन दिवस सगळं तू लिहिलंस तसंच झालं. मीही जरा टेकले.

गुरुवारी दिवसभर वारा सुटला होता. आपल्याकडे डोंगरावर जानेवारीत पडतो तसला गारठा होता. मी भाजी आणायला खालच्या वाडीत गेले होते. दिवेलागणीला परत आले तर पिल्लं बल्बखाली ढीग करून ओरडत होती आणि तेजल स्टुलावर चढून साखळीचा आकडा सोडवत होती. साखळी आखूड पडली होती. बल्ब खाली आणायला तिच्या खांद्यावर सुतळी होती.

दादा, मी काय केलं ते मला नंतर कळलं. मी तिच्या पायाला धरून तिला खाली ओढली आणि तिच्या हातावर फटका मारला. आयुष्यात मी त्या पोरीवर हात उगारला नव्हता. मी बटण बंद केलं, सुतळी चुलीत टाकली आणि खाली बसले. मग मी तिला सांगितलं. आज तुला सांगते.

आकडा तू दाबला होतास. घट्ट दाबला होतास. तू पोफळीला ड्युटीवर परत गेलास त्याच्या तिसऱ्या दिवशी असाच वारा होता. हे विहारात मीटिंगला गेले होते. पिल्लं गारठून एकावर एक चढत होती, तीन मेलेली मी बाहेर काढली. तुझी पकड गोठ्यातच राहिली होती. त्या पकडीनंच मी आकड्याचं तोंड उघडलं, होल्डर काढला आणि साखळीला सुतळी बांधून तो खाली आणला, तुसापासून वीतभर. सुतळीचं टोक बल्बला टेकतंय हे मला दिसलं होतं. भाकऱ्या झाल्या की नीट करते, असं म्हणून मी चुलीपाशी गेले.

आरडाओरडा झाला तेव्हा हे रस्त्यातून धावत आले आणि म्हशीचं दावं सोडायला आत शिरले. पुढचं तुला माहीत आहे.

राख उपसताना शिवरामभावजींना साखळी सापडली. आकडा उघडा होता. ते म्हणाले, भिकूनं आकडा दाबलाच नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. मी बोलले नाही. हे तेव्हा इस्पितळात होते, शुद्धीवर येत-जात होते. मला वाटलं, हे बरे होऊन आले की सांगेन. ते आले नाहीत. मग वाटलं, आता सांगितलं तर या घरात मला आणि चौदा वर्षांच्या पोराला कोण ठेवील? पुढं वर्षं गेली आणि सांगायचं राहून गेलं असं लिहीन, तर तेही खोटं होईल. मी रोज ठरवून गप्प राहिले.

तेजलनं सगळं ऐकून घेतलं. तिनं एकच विचारलं, “मामांना माहीत आहे?” त्याचं उत्तर म्हणून हे पत्र लिहिते आहे.

त्या संध्याकाळी आम्ही पडवीच्या वाऱ्याच्या बाजूला गोणपाटं लावली, बल्बापासून लांब, आणि तिसरा चाळीसचा बल्ब तसाच साखळीनं लावला. घटकाभरात पिल्लं विखरून झोपली. एकही गेलं नाही.

तू माझं पत्र फाडलंस तरी मी काही म्हणणार नाही. आशीर्वाद मागत नाही.

प्रभा


चिपळूण
९ फेब्रुवारी २०२५

आत्या,
जय भीम.

मी निशिगंधा. बाबांनी उत्तर दिलं नाही म्हणून तुम्ही वाट बघत असाल, म्हणून मी लिहिते. मी आता चिपळूणला शाळेत शिकवते. शनिवार-रविवार पोफळीला जाते.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी बाबा जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही. आईनं मला बोलावून घेतलं. मी गेले तेव्हा ते ओट्यावर बसले होते आणि पत्र गुडघ्यावर होतं. मी खुणेनं विचारलं तर त्यांनी ते माझ्याकडे दिलं. वाचून झाल्यावर मी तुमच्याविषयी जे बोलले ते इथं लिहीत नाही. बरं झालं त्यांना ऐकू येत नाही.

तुम्हाला एक सांगायचं आहे. मी बारावीत होते तेव्हा आमच्या घरातला दिवा बदलायलाही आई बाहेरून माणूस बोलवायची. पॉवरहाऊसमध्ये पंचवीस वर्षं काम केलेल्या माणसाच्या घरी. कॉलनीतले लोक हसायचे. बाबा त्या वेळी मागच्या दारानं बाहेर जायचे आणि माणूस गेल्यावर परत यायचे. मला त्यांचा राग यायचा. मला वाटायचं, एवढी चूक केली आहे तर निदान धीट तरी व्हावं. म्हणजे मीसुद्धा त्यांनाच दोषी धरलं होतं, आत्या. तुमच्या गप्प बसण्यानं मला माझ्या वडिलांविषयी तसं वाटायला लावलं. ते मला सगळ्यात जास्त लागलं आहे.

तुम्ही एकट्या होतात, पदरात पोर होतं, हे मला कळतं. कळलं म्हणून राग जात नाही.

सोबत बाबांची चिठ्ठी आहे. तीन वेळा लिहून फाडली आणि शेवटी एवढीच राहिली. तुम्हाला पत्र म्हणून नाही, पिल्लांसाठी दिली आहे, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. मी त्यांच्यासाठी ठेवलेल्या वहीत लिहून विचारलं, आणखी काही कळवू का? ते म्हणाले, हे तिनं मला लिहिलं. शिवरामभाऊंना सांगितलं का ते विचार.

ते मी विचारते आहे.

निशिगंधा

(सोबतची चिठ्ठी)

तीन आठवडे झाले. पंख आले असतील. चाळीसचा बल्ब काढा. दिवसा ऊन असेल तेव्हा दोन्ही बल्ब बंद, संध्याकाळी एक लावावा. एकदम बंद करू नये, हळूहळू सवय करावी. गोल मोठा करा, दाटी झाली की एकमेकांची पिसं टोचतात. ओलं तूस रोज काढा. गोणपाटांचं केलंत ते बरोबर केलंत. जळणाऱ्या वस्तूनं दिवा बांधू नये.


बौद्धवाडी
३ मार्च २०२५

ती. दादास,
सविनय जय भीम. वि. वि.

निशिगंधाचं पत्र मिळालं. तिनं जे लिहिलं त्यातला एक शब्दही जास्त नाही, असं तिला सांग. तुझी चिठ्ठीही भिंतीवर लावली आहे.

तुझ्या प्रश्नाला मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण तोवर मी भावजींना सांगितलेलं नव्हतं. प्रथमेश येईपर्यंत थांबले. तो बावीस तारखेला दोन दिवसांच्या सुट्टीवर आला. त्याच संध्याकाळी मी शिवरामभावजींना निरोप पाठवला. ते आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, काठी घेऊन चालतात. पडवीत त्यांना खुर्ची दिली. तेजल माझ्या शेजारी येऊन बसली. मी सांगितलं नव्हतं, तीच बसली.

तुला लिहिलं तेच मी सांगितलं, पहिल्यापासून. माझं झाल्यावर भावजींनी काठी हातात घेतली. मला वाटलं, आता म्हणतील, निघ. ते म्हणाले, “अकरा वर्षं मी भिकूला शिव्या घातल्या. त्या आता परत कशा घेऊ?” मग उठून गेले. दुसऱ्या दिवसापासून ते आमच्या अंगणात आलेले नाहीत. माझ्याशी बोलतही नाहीत. घरातून जा असं मात्र त्यांनी म्हटलं नाही. ज्या भीतीनं मी अकरा वर्षं तोंड शिवून बसले, ते झालंच नाही, दादा.

प्रथमेशनं एकच प्रश्न विचारला. बाबांना ठाऊक होतं का? मी म्हटलं, नाही. एकोणीस दिवस मी त्यांच्या उशाशी होते आणि त्यांनाही सांगितलं नाही. तो उठला, बॅग घेतली आणि न जेवता पहाटेच्या गाडीची वाट बघायला स्टँडवर जाऊन बसला. आज नऊ दिवस झाले. तेजलला फोन येतो. तिच्याजवळ तो माझी चौकशी करत नाही. ती मला तसं सांगत नाही, पण फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघत नाही, त्यावरून समजतं.

त्याच्या त्या प्रश्नानं मला आणखी एक गोष्ट बाहेर काढावी लागते आहे. ही मी कुणालाच सांगितलेली नाही, त्या दिवशी पडवीतही नाही. ती तुझी आहे, म्हणून पहिल्यांदा तुलाच.

इस्पितळात बाराव्या दिवशी ह्यांना चांगली शुद्ध होती. भावजी भेटून गेले होते, तुझ्याविषयी बोलून गेले होते. ते गेल्यावर ह्यांनी मला जवळ बोलावलं. ओठ भाजलेले, शब्द नीट येत नव्हते. म्हणाले, “भिकूला कुणी बोल लावू नका. माणसाच्या हातून राहतं. त्याला माझ्याकडं आणा.” मी हो म्हटलं. तुला निरोप धाडला नाही. तू आला असतास तर त्यांच्यासमोर मला खरं सांगावं लागलं असतं. त्यानंतर सातव्या दिवशी ते गेले.

आग माझ्या हातून चुकून लागली. हे मी जाणून केलं.

पिल्लं पंचेचाळीस राहिली. तीन मुंगसानं नेली, तोही आमचाच हलगर्जीपणा. कालपासून त्यांना ऊब लागत नाही. तेजलनं बल्ब उतरवले. पुढच्या आठवड्यात गटातल्या बायका घेऊन जातील. तेजल आताच नाक ओढते आहे, पण मान्य करत नाही.

तुझी प्रकृती जप. उत्तराची वाट बघते असं लिहिण्याचा हक्क मी गमावला आहे, तरी रोज पोस्टमनच्या वेळेला बाहेर येते.

प्रभा


पोफळी
२४ मार्च २०२५

चि. प्रभास,
अ. उ. आ. वि. वि.

काल शिवरामभाऊ इथं येऊन गेले. तुला बहुधा माहीत नसेल, त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. मंडणगडहून खेड, खेडहून चिपळूण, चिपळूणहून पोफळी, तीन एसट्या बदलून काठी टेकत आले. दुपारी बाराच्या उन्हात फाटकाशी उभे. मी ओळखलं नाही आधी. किती वाळले आहेत.

ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. ते बोलायला लागले. मला ओठ हलताना दिसत होते, कळत काही नव्हतं. मी कानाकडे हात केला. त्यांना वाटलं, मी ऐकायचं नाही म्हणतोय. ते तसेच उठायला लागले. मग तुझ्या वहिनीनं त्यांना समजावलं आणि निशिगंधाची वही आणून पुढं ठेवली. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत. त्यांच्या हातात पेन मी कधी पाहिलं नव्हतं. एक ओळ लिहायला त्यांना पाव तास लागला असेल. मी शेजारी बसून होतो. त्यांनी लिहिलं, “मी तुला दारातून घालवला तो माझा गुना.” ‘गुन्हा’ला त्यांनी ‘गुना’ लिहिलं. मी तो कागद फाडून घेतला आणि ठेवला आहे. मग आम्ही दोघं जेवलो. ते राहिले नाहीत. मी त्यांना चिपळूणपर्यंत सोडून आलो.

आता तुझं.

बल्ब खाली आणलास तो पिल्लं मरत होती म्हणून. ते मी तेव्हाच समजून घेतलं असतं. माझंही चुकलं होतं. तसल्या गारठ्याच्या जागी मी साखळी आखूड ठेवली आणि ती खाली कशी घ्यायची ते तुला दाखवलं नाही. तेवढ्यापुरतं मी तुला काही म्हणणार नाही. नंतर तू गप्प राहिलीस, त्यातलंही निम्मं मला समजतं. पोर घेऊन बाईमाणसानं कुठं जावं, हे मला कळायला हवं होतं, आणि मी थोरला भाऊ असून तुला कधी म्हटलं नव्हतं की माझं घर तुझं आहे. ते न सांगता समजेल असं मी धरून चाललो होतो.

पण भावोजींचा निरोप तू मला दिला नाहीस. तुझ्या पत्रातली ती ओळ वाचून मी पत्र मिटलं आणि धरणाच्या रस्त्यानं चालत गेलो. न केलेल्या चुकीसाठी त्या माणसानं मला माफ करून ठेवलं होतं. तेवढं जरी मला त्या वेळी कळलं असतं, तरी शिवरामभाऊंच्या शिव्या, लोकांचं हसणं, सगळं मी सहज सोसलं असतं. खरं नसतं सांगितलंस तरी चाललं असतं. एवढा निरोप दिला असतास तरी मी जगलो असतो नीट. हे मी तुला लिहितो, कारण न लिहिता तुझ्या घरी यायचं म्हटलं तर मला तिथं बसता येणार नाही.

मी प्रथमेशला पत्र टाकलं आहे. मामा म्हणून मला लिहायचा हक्क आहे असं मी धरून चाललो. त्याला लिहिलं की आईवर रागाव, पण तिचा फोन घे. राग धरून अकरा वर्षं काढता येतात. मी काढली आहेत. त्यातून हाती काही लागत नाही. आणि तो चौदा एप्रिलला गावी येणार असेल तर मीही येतो आहे. मिरवणुकीच्या आदल्या दिवशी पोचेन. तुझी वहिनी आणि निशिगंधा बरोबर असतील. निशिगंधा तुझ्याशी बोलेलच असं नाही. तिला वेळ दे.

भावोजी गेले त्या जागेवर मला आधी जायचं आहे, कुणी बरोबर नको. मग जेवायला बसेन. भाकरी तूच कर.

सूनबाईच्या हातावर तू फटका मारलास त्याबद्दल तिची माफी मागितलीस का, ते तुझ्या पत्रांत कुठंच नाही. मी येण्याआधी माग. आणि तिला सांग, पुढच्या वेळी पिल्लं येतील तेव्हा मामांना आठ दिवस आधी कळवायचं. साखळी किती लांब हवी ते मी स्वतः येऊन मोजीन.

माझा राग गेलेला नाही. तो जाईल तेव्हा जाईल. त्याची वाट बघत मी यायचा थांबणार नाही. लोभ आहे, रागही आहे, दोन्ही तुझ्या दादाचे समजून घरात घ्यावेत.

तुझा,
दादा